हॉबच्या कडेला सिलिकॉन भरायचं का? बसवणं, फट, ज्योत आणि सफाई

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळच्या नवीन फ्लॅटमध्ये एका ताईंनी चार बर्नरचा काचेचा हॉब, म्हणजे ओटा कापून त्यात बसवायची गॅसची शेगडी, ग्रॅनाइटच्या ओट्यात बसवून घेतला. काही महिन्यांतच काचेच्या कडेखाली तेल, पीठ, मसाला जाऊन काळी रेघ धरली. खालच्या ट्रॉलीत मधूनच पाण्याचे थेंब दिसतात. ट्रॉलीवाला म्हणतो, चारी बाजूंनी सिलिकॉन मारून देतो, विषय संपला. सर्व्हिसवाला म्हणतो, सिलिकॉन मारलंत तर मी हॉबला हात लावणार नाही. शिवाय ज्योत पिवळी येते, आणि खालचं शटर जोरात लावलं की मंद ठेवलेला बर्नर विझतो. साफ कशानं करायचं, हे तर आहेच. आणि शेवटी, सासूबाई सटाण्याच्या आहेत, त्यांचं मांड्यांचं खापर, म्हणजे पुरणाचे मांडे भाजायचं पालथं मातीचं भांडं, या हॉबवर चालेल का?

ताई, सर्व्हिसवाल्याचं बरोबर आहे. नाशिकमध्ये ओटे, ट्रॉल्या, हॉब बसवण्याचं आणि दुरुस्तीचं काम करताना माझा निम्मा वेळ कुणीतरी मारलेलं सिलिकॉन काढण्यात जातो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हॉब काही ओट्याचा दगड नाही की एकदा चिकटवला की जन्माचा झाला. तो बाहेर काढावा लागतोच. गॅसचे कॉक घट्ट होतात, ठिणगीची वायर सुटते, जेटमध्ये (गॅस सुटतो त्या बारीक भोकाच्या तुकड्यात) कचरा अडकतो, बॅटरीच्या डबीत गंज धरतो, गॅसचा जोडही खालूनच असतो. सिलिकॉननं काच ओट्याला चिकटली असेल तर मेकॅनिक पहिली गोष्ट करतो ती म्हणजे कडेखाली स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटणं. ही काच टफन्ड असते. तिचा पृष्ठभाग दाबाखाली आणि आतला भाग ताणाखाली ठेवलेला असतो, म्हणून वरून पातेलं आदळलं तरी ती बरंच सोसते. पण तिची कड नाजूक. कडेला टवका गेला की कधी तिथल्या तिथे, कधी चार दिवसांनी वरण शिजत असताना सगळ्या काचेचा एकदम चुरा होतो. लोक म्हणतात, ‘आपोआप फुटली.’ नीट विचारलं की कळतं, मागच्या आठवड्यात कुणीतरी हॉब उचलला होता.

दुसरं म्हणजे सिलिकॉन फट झाकतं, फटीचं कारण तसंच राहतं. कुठेतरी सुईएवढं भोक राहतंच. उतू गेलेलं दूध तिथून आत जातं आणि बाहेर यायला वाट नसते. मग वास येतो, वासावर झुरळं येतात, आणि झुरळांना हॉबच्या पोटातली ऊब फार आवडते. पांढरं सिलिकॉन हळदीनं पिवळं होतं ते वेगळंच.

सिलिकॉनला जागा नाही असं नाही. ओटा आणि मागच्या टाइल्स यांच्यातल्या सांध्यात, सिंकच्या कडेला ते मारलंच पाहिजे. काही हॉब ओट्यात खाच पाडून काच दगडाच्या पातळीत बसवायचे असतात. त्यांच्या पुस्तिकेत कडेची फट सिलिकॉननं भरायला सांगितलेलं असतं, तेही आधी खाली पट्टी घालून. तुमचा हॉब ओट्याच्या वर उचललेला दिसतोय, म्हणजे तो या प्रकारातला नाही.

मग तुमची काळी रेघ कशामुळे? हॉब बसवताना काचेच्या खाली चारी बाजूंनी फोमची किंवा रबराची पट्टी लावायची असते. ती हॉबच्या खोक्यातच येते. बऱ्याचदा ती थर्माकोलबरोबर कचऱ्यात जाते, किंवा घाईत कशीतरी लावली जाते. तपासायला सोपं आहे. वर्तमानपत्राचा बोटभर रुंद कागद घ्या आणि काचेच्या कडेखाली सरकवत चारी बाजूंनी फिरा. पट्टी नीट दाबलेली असेल तिथे कागद अडतो, नसेल तिथे आत जातो. जिथे आत जाईल तिथे ओट्यावर पेन्सिलनं खूण करा. खुणा एकाच कोपऱ्यात आल्या तर पट्टी किंवा क्लॅम्पचा, म्हणजे हॉबला खालून ओट्याशी धरणाऱ्या पकडीचा, दोष आहे. एक अख्खी बाजू मोकळी निघाली तर कटआउट, म्हणजे हॉबसाठी दगडात कापलेली चौकोनी जागा, चुकलंय किंवा ओटा सरळ नाही.

कटआउटचं गणित एकदा समजून घ्या, म्हणजे कारागिराशी बोलता येईल. समजा काच ६०० बाय ५२० मिलिमीटर आहे आणि पुस्तिकेत कटआउट ५६० बाय ४८० दिलंय. म्हणजे चारी बाजूंनी काच २० मिलिमीटर दगडावर टेकते आणि पट्टीला तेवढी बैठक मिळते. आता कारागीर म्हणतो, ‘थोडं सैल असू द्या, बसवायला सोपं’, आणि ५७० कापतो. हॉब जरा एका अंगाला सरकला की एकीकडे बावीस आणि दुसरीकडे आठ मिलिमीटर उरतात. आठ मिलिमीटरवर पट्टी धड बसत नाही, आणि ग्रॅनाइटची कापलेली कड कधीच सुरीसारखी सरळ नसते. तेल तिथूनच उतरतं. माप प्रत्येक कंपनीचं, प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं, म्हणून आधी हॉब घरात आणायचा आणि मगच दगड कापायचा. ‘चार बर्नरचं माप मला पाठ आहे’ म्हणणाऱ्याला चहा पाजा, पण कटर सुरू करू देऊ नका.

ज्यांचं काम अजून व्हायचंय त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट. ओटा दोन फूट, म्हणजे साधारण ६०० मिलिमीटर खोल असेल तर ४८० कापल्यावर १२० उरतात, पुढे साठ-सत्तर आणि मागे पन्नास. एवढं चालतं. पण सिडकोतल्या किंवा पंचवटीतल्या जुन्या घरांत कडप्प्याचे ओटे अनेकदा याहून अरुंद असतात. तिथे ओटा कापून हॉब बसवला की पुढे हातभर लांब आणि दोन-तीन बोटं रुंद अशी पट्टी लोंबत राहते. कुकर उतरवताना कुणी तिच्यावर टेकलं की कोपऱ्यातून तडा जातो. अशा ओट्याला पुढच्या पट्टीखाली लोखंडी अँगल द्या, नाहीतर सरळ साधी शेगडी ठेवा. त्यात कमीपणा काही नाही.

कापताना कटआउटचे चारही कोपरे आधी कोअर बिटनं गोल भोक पाडून घ्यावेत आणि मग कटर त्या भोकापासून त्या भोकापर्यंत चालवावा. काटकोनात दोन काप एकमेकांवर आडवे गेले की दगडात कोपऱ्यातून बारीक चीर सुरू होते. ती आज दिसत नाही, पुढे कधीतरी दिसते. पाणी मारत कापायचं आणि कारागिराला मास्क लावायला सांगायचं. ग्रॅनाइटच्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात कायमची बसते. कापलेल्या कडेला पॉलिश नसतं, म्हणून तिथे दगड तेल पितो आणि फिक्या ग्रॅनाइटवर हॉबभोवती गडद सावली पडते. कडेला दगडाचा सीलर मारून तो वाळला की मगच हॉब ठेवायचा. क्वार्ट्जचा ओटा असेल तर जास्त जपा. त्यात रेझिन असतं, ते उष्णतेनं पिवळं पडतं आणि कधी तडकतं. गरम तवा उतरवून त्यावर ठेवायचा नाही.

आता तुमच्या कामाकडे येतो. हॉब काढून पट्टी नव्यानं लावायची, एवढंच. रेग्युलेटर बंद करा, नळीतला गॅस जळू द्या, जाळ्या आणि बर्नर काढून ठेवा. खालून क्लॅम्प सोडवले की एकानं आतून तळहातानं वर ढकलायचं आणि दुसऱ्यानं दोन्ही बाजूंनी धरून उचलायचं. वरून काहीही खुपसायचं नाही. हॉब गादीवर किंवा जाड चादरीवर आडवा ठेवा, फरशीवर कडेवर उभा कधीच नाही. फरशीवर टेकवताना कड जाते आणि मग तीच ती ‘आपोआप फुटलेली’ काच.

जुनी पट्टी खरवडून काढा. दगडावरचा तेलाचा थर आधी साबणाच्या पाण्यानं, मग स्पिरिटनं पुसून कोरडा होऊ द्या. नवी पट्टी काचेखाली लावायची की दगडावर, हे पुस्तिकेत दिलेलं असतं. बहुतेक ठिकाणी काचेखाली, कडेपासून दोन-तीन मिलिमीटर आत. कडेला अगदी टोकावर लावली तर तीच तेल धरते. सुरुवात कोपऱ्यातून नको, मागच्या बाजूच्या मध्यावरून करा, म्हणजे सांधा भिंतीकडे आणि दुधाच्या वाटेपासून लांब राहतो. सगळ्यात महत्त्वाचं, पट्टी ओढून लावू नका. फोम ताणला जातो, लावताना छान सरळ दिसतो, आणि पुढे आक्रसून कोपऱ्यात फट सोडतो. तुमच्याकडे कागद कोपऱ्यात आत गेला असेल तर नव्वद टक्के हेच झालंय. कोपऱ्यात पट्टी दुमडायचीही नाही. दुमडली की तिथे दुप्पट जाडी होते, काच त्या उंचवट्यावर टेकते आणि क्लॅम्प आवळला की तिला वाकवण्याचा प्रयत्न होतो. कोपऱ्यात कापायची आणि टोकाला टोक भिडवायचं.

हॉब परत ठेवल्यावर पाणसळ लावून बघा. आपल्याकडे गवंडी ओट्याला सिंककडे उतार देतात. तो पाण्यासाठी चांगला, पण कढईतलं तेल एका बाजूला जमतं आणि घावन एकीकडे जाड, एकीकडे पातळ होतं. थोडा फरक जाळीखाली रबरी बूट घालून भागतो. जास्त असेल तर दगडाचं काम आहे, हॉबचं नाही. क्लॅम्प आळीपाळीनं, समोरासमोरचे, हातानं लागतील तेवढे आणि वर अगदी थोडा पाना. ‘गच्च’ करायचे नाहीत. काचेला क्लॅम्पनं फक्त जागेवर धरायचं असतं, दाबण्याचं काम हॉबच्या वजनाचं. मग पुन्हा तो कागद फिरवा.

ट्रॉलीतल्या थेंबांचं मात्र आधी नक्की करून घ्या. हॉबखालच्या कप्प्यात कोरडं वर्तमानपत्र अंथरा आणि दोन-तीन दिवस नेहमीसारखा स्वयंपाक करा. डाग तेलकट असेल तर तो कडेतून आलाय. स्वच्छ पाण्याचा असेल आणि भिंतीकडून सुरू होत असेल तर तो ओटा-टाइलच्या सांध्यातून किंवा सिंकच्या पाइपातून येतोय, आणि तुम्ही उगाच हॉबला दोष देताय. कप्प्याच्या वरच्या लाकडी पट्टीवर बोटं फिरवून बघा. फुगलेली, कुसासारखी लागली तर पाणी बरेच दिवस मुरतंय.

पिवळी ज्योत आणि विझणारा बर्नर यांचं मूळ बहुधा एकच आहे, ते म्हणजे हवा. गॅस जेटमधून जोरात सुटतो आणि जाताना हवा ओढून घेतो. ती पुरेशी मिळाली की ज्योत निळी, कमी पडली की पिवळी, आणि मग भांड्यांची बुडं काळी. बरेच हॉब ही हवा खालच्या बाजूनं घेतात. तुमच्या ट्रॉलीवाल्यानं खालचा खण मागून-पुढून असा बंद केलाय की आत हवा यायला वाटच नाही. म्हणून शटर लावलं की आतली हवा एकदम दाबली जाते, बर्नरमधून वर उसळते आणि मंद ज्योत फुंकर मारल्यासारखी जाते. ज्योत गेल्यावर गॅस आपोआप बंद होण्याची सोय हॉबमध्ये नसेल, तर तो तसाच सुटत राहतो. ज्यात ती सोय असते त्यात बर्नरशेजारी ठिणगीच्या पांढऱ्या कांडीखेरीज आणखी एक बारीक धातूची कांडी दिसते. तुमच्यात एकच कांडी असेल तर हे काम पुढच्या महिन्यावर टाकू नका.

उपाय सुताराचा आहे. कप्प्याच्या मागच्या फळीला वरच्या अंगाला लांबट खाच आणि खाली पायपट्टीत जाळी. खालची जाळी दुहेरी कामाची आहे. एलपीजी हवेपेक्षा जड, दीड ते दोनपट, त्यामुळे गळला तर तळाशी साचतो, त्याला बाहेर पडायला जमिनीलगत वाट हवी. पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका असतो, तो वर जातो, त्याला वरची वाट. दोन्ही ठेवल्या की प्रश्नच नाही. हॉबच्या खाली ट्रॉली असेल तर मध्ये एक फळी हवी आणि ती हॉबच्या बुडाला टेकलेली नको. नाहीतर वरच्या खणातल्या पुड्या आणि प्लास्टिकचे डबे थेट हॉबच्या पोटाला लागतात.

हवेची वाट केल्यावरही ज्योत पिवळीच राहिली तर जेट बघायचा. नाशिकमध्ये आता बऱ्याच सोसायट्यांत महाराष्ट्र नॅचरल गॅसची पाइपलाइन आली आहे आणि लोक सिलेंडरवरून पाइपवर येताना जुनाच हॉब ठेवतात. घरगुती एलपीजी साधारण ३० मिलिबार दाबानं येतो, पाइपचा गॅस २१ मिलिबारनं, आणि तेवढ्याच घनफळात त्याची उष्णताही कमी असते. म्हणून पाइपच्या गॅसला जेटचं भोक मोठं लागतं. एलपीजीचा जेट पाइपवर लावला तर ज्योत मिणमिणते, एवढंच. उलटं झालं, मोठ्या भोकाच्या जेटवर सिलेंडर जोडला, तर ज्योत हातभर, पिवळी आणि धोकादायक. तुम्ही हॉब दुकानातून पाइपच्या गॅससाठी म्हणून आणला आणि सध्या सिलेंडरवर चालवत असाल तर कारण हेच आहे. जेट बदलणं हे कंपनीच्या माणसाचं काम. सुई घालून भोक मोठं करणारे मेकॅनिक आपल्या गावात आहेत, त्यांना दारातूनच परत पाठवा.

नळीबद्दल दोनच वाक्यं. आतून तारेची जाळी असलेली केशरी सुरक्षा नळी, दीड मीटरहून लांब नाही, दर पाच वर्षांनी बदलायची, आणि तारीख नळीवरच छापलेली असते. सिलेंडर ड्राय बाल्कनीत ठेवून रबरी नळी भिंतीच्या भोकातून आणणं बंद करा, कारण भिंतीच्या आत ती चिरली तर कुणाला दिसणार? तिथे धातूचा पाइपच हवा, तोही वितरकाला सांगून. हॉब परत बसवल्यावर प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का बघा. काडी ओढून बघायचं नाही, हे सांगायला नको, पण सांगतो, कारण लोक ओढतात. वास आलाच तर दिव्याच्या बटणाला हात न लावता रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, आणि १९०६ ला फोन.

आता सफाई. हॉब खराब होतो तो घाणीनं कमी आणि साफ करण्यानं जास्त. काचेवर तांब्यानं पाणी ओतून वायपर मारणारी घरं मी बघितली आहेत. ओट्याची सवय असते, हात तसाच जातो. पण ओट्याला भोकं नसतात आणि हॉबला नॉबभोवती, बर्नरभोवती, कडेला सगळीकडे भोकं असतात. म्हणून नियम असा की पाणी फडक्यात, हॉबवर नाही. फवारा मारायचं लिक्विडसुद्धा आधी फडक्यावर मारायचं.

रोजचं काम पाच मिनिटांचं आहे. काच गार झाली की आधी कोरड्या फडक्यानं पीठ, कोथिंबिरीची पानं, फोडणीतली मोहरी उचला. ही मोहरीच जाळीच्या पायाखाली येऊन काचेवर ओरखडे पाडते. मग भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब टाकलेलं, घट्ट पिळलेलं फडकं, आणि शेवटी कोरडं सुती. कोरड्यानं पुसणं टाळू नका. नवीन सोसायट्यांत बऱ्याच ठिकाणी बोअरचं पाणी वापरतात, ते जड असतं आणि काळ्या काचेवर पांढरे गोल डाग सोडतं. ते पडलेच तर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून फडक्यानं पुसा आणि लगेच साध्या पाण्यानं पुसून घ्या. व्हिनेगर किंवा लिंबू जाळीवर ठेवून देऊ नका. जाळीवरच्या काळ्या मिन्याची चमक आंबटानं जाते, मग तिथून गंज.

करपलेल्या डागाला घासणी लावायची नाही, वेळ लावायचा. खायच्या सोड्याची पातळ पेस्ट, वर ओलं फडकं, पंधरा-वीस मिनिटं. मग जुनं प्लास्टिकचं कार्ड तिरपं धरून खरवडा. तारेची घासणी आणि भांड्यांची पावडर काचेवर नको, नॉबशेजारची छपाई आधी जाते आणि मग कोणता नॉब कुठल्या बर्नरचा हे पाहुण्यांना सांगत बसावं लागतं. मिसळीच्या तर्रीचा किंवा हळदीचा डाग सोड्यानं पुसताना लालभडक झाला तर घाबरू नका. हळद सोड्याला, साबणाला लागली की लाल होतेच. पुसत राहा.

कडेची फट साफ करायला टूथब्रश वापरतात, त्यानं घाण आत ढकलली जाते. पातळ बांबूची काडी घ्या, तिला मलमलचं ओलसर फडकं एक वेढा गुंडाळा आणि कडेकडेनं एकाच दिशेनं ओढत न्या. प्रत्येक बाजूला फडक्याची जागा बदला. आठवड्यातून एकदा हे केलं तर काळी रेघ धरत नाही, कारण ती रेघ म्हणजे तेल आणि पीठ उष्णतेनं वाळून झालेला चिकट थरच असतो, आणि ओला असेपर्यंत तो सहज येतो.

बर्नर कशाचा आहे ते बघून धुवा. पितळेचा असेल तर चिंच किंवा पितांबरी चालते, हरकत नाही. ॲल्युमिनियमचा असेल तर सोडा नको, धुण्याचा तर अजिबात नको, अल्कलीनं ॲल्युमिनियम काळं पडतं आणि झिजतं. त्याला गरम पाणी आणि भांड्याचं लिक्विड पुरे. भाताची पेज किंवा दूध उतू जाऊन भोकं बुजली असतील तर भिजवल्यावर टाचणीनं एकेक मोकळं करा. ही टाचणी बर्नरच्या भोकांसाठी, जेटसाठी नाही. मग उलटा आपटून पाणी काढा आणि रात्रभर फडक्यावर पालथा ठेवा. ओला बर्नर बसवला की ठिणगी नुसती टकटक करते आणि लोक बॅटरी बदलायला धावतात. पांढऱ्या कांडीवर आणि तिच्या शेजारच्या धातूच्या कांडीवर साय वाळली असेल तर तीही हलकेच पुसा. नॉब सोडल्यावर ज्योत जात असेल तर बहुतेक वेळा या दुसऱ्या कांडीवरचीच काजळी कारण असते.

बर्नरची टोपी परत ठेवल्यावर बोटानं हलवून बघा. डगमगली तर ती खाचेत बसलेली नाही. मग ज्योत एका बाजूनं खाली वळते आणि काचेलाच तापवते.

ज्यांच्याकडे आधीच सिलिकॉन भरलंय त्यांनी ते प्लास्टिकच्या पात्यानं वरून कापावं आणि काचेखालचं काढायला बारीक तंगूस दोन हातांत धरून करवतीसारखी ओढावी. ती मासेमारीच्या सामानाच्या दुकानातून आणा, संक्रांतीचा नायलॉन मांजा शोधत फिरू नका, त्याला बंदी आहे. तासभर लागतो, पण कड वाचते.

राहिलं खापर. कसमादेकडचे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) मांडे मला मनापासून आवडतात, तरी उत्तर नाही असंच आहे. खापर बर्नरपेक्षा कितीतरी मोठं असतं आणि चुलीसाठी घडवलेलं असतं. हॉबवर पालथं ठेवलं की ज्योतीची सगळी आच त्याच्या पोटात कोंडते आणि खाली, काचेवर आणि नॉबवर, परत येते. बाजूचा बर्नरही त्याच्याखाली येतो. मोठा बिड्याचा तवा तासभर आचेवर ठेवला तरी हेच होतं, फक्त कमी प्रमाणात. भांड्याची कड नॉबच्या अलीकडेच संपली पाहिजे, एवढं बघा. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मांडे सटाण्याला चुलीवर करा. पुरण इथे शिजवून न्यायला हरकत नाही. मोठ्या बर्नरवर ठेवा, पण एक पातेलं दोन बर्नरवर आडवं टाकू नका.